डबीत नऊ दिवसांच्या गोळ्या होत्या

माझी धाकटी बहीण १२ फेब्रुवारी २०१९ ला गेली. तेरावं झाल्यावर तिचं कपाट आवरताना साड्यांच्या खाली एक हिरवी डायरी आणि गोळ्यांची पांढरी डबी सापडली. ती कसली हे त्या घरात फक्त मला माहीत होतं. डबी घेऊन मोरीत गेले, कडी लावली आणि गोळ्या मोजल्या. सकाळ-संध्याकाळ धरून नऊ दिवस पुरतील एवढ्याच होत्या. बाहेर तिचा अकरा वर्षांचा मुलगा पाहुण्यांना पाणी देत फिरत होता.

आम्ही त्याला सोन्या म्हणतो, इथेही तेच म्हणते. बाकी नावं, गावं मुद्दाम लिहीत नाही. तो आता अठरा पूर्ण आहे. हे सगळं त्याने वाचलं, दोन ठिकाणी खोडायला लावलं आणि मगच टाकायला हो म्हणाला. या सहा वर्षांत रात्री-अपरात्री मोबाईलवर, एचआयव्ही असलेलं मूल वाढवण्याबद्दल मराठीत कुणीतरी लिहिलेलं शोधत बसायचे. पुस्तकी माहिती मिळायची, पण "आम्ही असं केलं" असं सांगणारं कुणी भेटलं नाही. म्हणून लिहिते.

भाऊजी २०१३ मध्येच गेले होते. त्यानंतर बहिणीची आणि सोन्याची तपासणी झाली, दोघांनाही एचआयव्ही निघाला. सोन्या तेव्हा सहा वर्षांचा होता. दोघांचे उपचार तिच्या जिल्ह्याच्या सरकारी एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात तिथे, सुरू झाले. आपल्याकडे ही औषधं २००४ पासून सरकारी केंद्रांत फुकट मिळतात, त्यामुळे पैशाचा प्रश्न नव्हता. प्रश्न होता दर महिन्याला रोजगार बुडवून, कुणाला न सांगता जाण्याचा. शेवटच्या वर्षात तिने स्वतःच्या गोळ्या मधेच सोडल्या, मग टीबी झाला. सोन्याची डायरी मात्र मी पानन् पान पाहिली. त्याची एकही तारीख चुकलेली नव्हती.

२५ फेब्रुवारीला आमचे हे, मी आणि सोन्या तिच्या केंद्रात गेलो. मुलाला आमच्या जिल्ह्यात न्यायचं म्हणजे केंद्र बदलावं लागतं आणि त्यासाठी पहिल्या केंद्राने 'ट्रान्सफर आउट'चा कागद द्यावा लागतो. तो न घेताच मुलाला घेऊन आलात तर नवीन केंद्र परत तर पाठवत नाही, पण जुन्या नोंदी मागवण्यात दिवस जातात आणि तेवढ्यात डबी रिकामी होते. आम्ही जाताना माझं आधारकार्ड, दोन फोटो, बहिणीच्या मृत्यूचा दाखला आणि सोन्याची हिरवी डायरी नेली होती. तिथल्या सिस्टरांनी एक महिन्याच्या गोळ्या हातात दिल्या आणि डायरीच्या शेवटच्या पानांची झेरॉक्स काढून ठेवायला सांगितली. त्या झेरॉक्सचा पुढे दोनदा उपयोग झाला. तिघांचं एसटीचं तिकीट आणि खाणं धरून त्या दिवशी ११४० रुपये गेले.

सवलतीचं इथेच सांगते. एचआयव्ही असलेल्यांना एसटीत प्रवास सवलत आहे. आम्ही ती कधीच घेतली नाही. आमच्या तालुक्याहून जिल्ह्याला जाणाऱ्या गाडीचे दोन्ही कंडक्टर ओळखीचे. सवलतीचा कागद त्यांच्या हातात द्यायचा म्हणजे सगळ्या स्टँडला सांगितल्यासारखं. ज्यांना अशी अडचण नाही त्यांनी जरूर घ्यावी, हक्काची आहे.

मार्चमधल्या एका सोमवारी आमच्या जिल्ह्याच्या केंद्रात पहिल्यांदा गेलो. घरापासून ६२ किलोमीटर. सोमवारी जाऊ नका, रविवारची सुट्टी धरून दुप्पट गर्दी असते. आम्ही साडेअकराला पोचलो आणि गोळ्या हातात पडायला पावणेतीन वाजले. पुढच्या वेळेपासून पहाटेची गाडी धरली आणि एकच्या आत मोकळे व्हायला लागलो. पहिल्या दिवशी वजन झालं (२४ किलो, वयाच्या मानाने फार कमी), खोकला-ताप-घाम-वजन यांचे प्रश्न विचारले, कारण टीबी आहे का हे दर खेपेला बघतात, सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशी) मोजायला रक्त घेतलं. मग समुपदेशक ताईंच्या खोलीत गेलो. त्यांनी फाईल बाजूला सारली आणि सोन्याला विचारलं, "जेवलास का?" तो नाही म्हणाला. त्यांनी आम्हाला आधी कँटीनला पाठवलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला रडू आलं ते त्या कँटीनमध्ये, उपीट खाताना.

घरी वेगळाच प्रश्न उभा होता. सासूबाईंना मी खरं सांगितलं होतं. एकाच घरात राहून एवढी गोष्ट लपवणं मला जमलं नसतं. त्या वाईट नाहीत. पण दुसऱ्याच दिवशी सोन्याचं ताट, वाटी आणि एक स्टीलचा ग्लास त्यांनी खिडकीत वेगळा ठेवला. माझी मुलगी तेव्हा चार वर्षांची. "हिच्यासाठी गं," म्हणाल्या. मी भांडले नाही, पुढच्या तारखेला त्यांना सोबत घेऊन गेले. समुपदेशक ताईंनी त्यांना अर्धा तास दिला. एका ताटात जेवल्याने, मुका घेतल्याने, एकाच अंथरुणात झोपल्याने, डास चावल्याने हा आजार होत नाही. रक्तातून, असुरक्षित संबंधातून आणि आईकडून बाळाला होतो. हे सगळं मीही त्यांना सांगितलं होतं, पण सुनेने सांगणं आणि दवाखान्यातल्या बाईंनी सांगणं यात फरक पडतो. परत येताना त्या गप्प होत्या. घरी आल्यावर त्यांनीच ताट-वाटी मांडणीत सगळ्यांच्या भांड्यांत लावली. मला वाटलं, विषय संपला.

याच दिवसांत नातेवाइकांतून सल्ले यायला लागले की त्याला एखाद्या संस्थेत ठेवा. पंढरपूरचं 'पालवी' किंवा लातूरजवळ हासेगावचं 'सेवालय' यांचं काम मी ऐकून आहे, आणि ज्या मुलांना कुणीच नाही त्यांना त्यांनी घर दिलं याबद्दल माझ्या मनात आदर आहे. पण सोन्याला मी होते.

शाळेत सांगायचं का, यावर आम्ही दोन रात्री बोललो. सांगायची कायद्याने सक्ती नाही. एचआयव्ही-एड्सचा २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यात शाळेने या कारणावरून प्रवेश नाकारणं, वेगळं बसवणं बेकायदा आहे आणि कुणाचा आजार त्याच्या संमतीशिवाय उघड करायलाही मनाई आहे. आम्ही सांगितलं नाही. शाळा सोडल्याचा दाखला लावून जूनमध्ये सातवीत घातला. सुट्टी लागायची तेव्हा चिठ्ठीत "दवाखान्यात दाखवायचे आहे" एवढंच लिहायची.

आता कागदांचं. बालसंगोपन योजनेबद्दल अंगणवाडीच्या ताईंकडून कळलं. आई-वडील दोघंही नसलेल्या किंवा सांभाळ करायला कुणी नसलेल्या मुलाला नातेवाइकांच्या घरी वाढवायला महिला व बाल विकास विभाग दरमहा अनुदान देतो. तेव्हा महिन्याला ४२५ रुपये होते. पुढे ११०० झाले, २०२३ पासून २२५० आहेत आणि योजनेचं नाव आता क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. अर्ज जिल्हा बाल संरक्षण कक्षात जातो, आदेश बाल कल्याण समिती काढते.

एक गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती, ती ठळक करून सांगते. या योजनेत एचआयव्ही असलेली मुलंही बसतात, पण मूल अनाथ असेल तर त्या एका कारणावर अर्ज होतो, आजाराचा कागद लावायची गरज नाही. मी घाबरून पहिल्या अर्जाला सोन्याचे रिपोर्ट जोडले होते. खिडकीवरच्या एका कर्मचाऱ्याने ते वाचून मागच्या टेबलावरच्या माणसाला मोठ्याने विचारलं, "अहो, हे पेशंटचं पोरगं कुठं धरायचं?" रांगेत सातआठ जण होते. सोन्या माझा पदर धरून उभा होता. मी सगळे कागद परत मागून घेतले, जिन्यात बसून रिपोर्ट काढले आणि दुसऱ्या दिवशी नुसता अनाथ म्हणून अर्ज दिला. तो घेतला गेला.

घोडं अडलं ते भाऊजींच्या मृत्यूच्या दाखल्यावर. ते घरीच गेले होते आणि ग्रामपंचायतीत नोंदच केलेली नव्हती. मृत्यूला वर्षाच्या वर झालं की नुसत्या अर्जावर नोंद होत नाही. त्या वेळी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश लागायचा. ग्रामपंचायतीचा 'नोंद आढळत नाही' असा दाखला, प्रतिज्ञापत्र, जाहीर नोटीस, दोन साक्षीदार. वकिलांनी तीन हजार घेतले, नोटीस आणि इतर खर्च वेगळा. जूनमध्ये अर्ज केला, आदेश सप्टेंबरअखेर मिळाला, दाखला ऑक्टोबरात. माझ्या पतसंस्थेतल्या नोकरीत त्या वर्षी एकही किरकोळ रजा उरली नाही. घरात मृत्यू झाला तर एकवीस दिवसांच्या आत नोंद करा. दुःखात सुचत नाही हे मला कळतं, तरीही करा. पुढे मुलाच्या प्रत्येक कागदाला तो दाखला लागतो.

बाकीचे कागद सोपे होते. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला महा ई-सेवा केंद्रातून ३३ रुपये ६० पैशांत आला. बोनाफाईड, रेशनकार्ड, सोन्याचं बँक पासबुक, आणि घरासमोर उभं राहून काढलेला मुलाचा आणि पालकाचा फोटो. त्या फोटोत सोन्याने हात मागे बांधलेत आणि माझी मुलगी न बोलावता मधे येऊन उभी राहिली आहे. तोच लावला, चालला. नोव्हेंबरात गृहभेट झाली. जानेवारी २०२० मध्ये समितीपुढे गेलो. मॅडमनी सोन्याला एकट्याला आत घेऊन विचारलं की मावशीकडे राहायचंय का. काय बोलला ते त्याने मला आजवर सांगितलेलं नाही. आदेश फेब्रुवारीत निघाला. पैसे दरमहा येत नाहीत, साठून एकदम येतात. पहिला हप्ता चौदा महिन्यांनी आला, त्यामुळे त्यावर घरखर्च बेतू नका.

आदेश फाईलला लावला आणि महिन्याभरात लॉकडाऊन लागला. घरात सहा दिवसांच्या गोळ्या होत्या आणि रस्त्यावर गाडी नव्हती. हेल्पलाईन १०९७ ला फोन केला, त्यांनी केंद्राशी बोला म्हणून सांगितलं. केंद्रातल्या ताईंचा नंबर डायरीच्या मागे लिहिलेला होता म्हणून वाचलो. त्यांनी एका क्षेत्र कार्यकर्त्याबरोबर दोन महिन्यांच्या गोळ्या पाठवल्या. तो दादा मोटारसायकलवर नाक्यापर्यंत आला, पोलिसांनी विचारलं तर बीपीच्या गोळ्या आहेत असं सांगितलं. स्वतः त्याच आजारात अनेक वर्षं गोळ्या घेत असलेला माणूस. पिशवी देताना एवढंच म्हणाला, "पोराची चुकवू नका." त्याला पाणीसुद्धा विचारायचं राहिलं.

आता जे लिहायला अवघड आहे ते. सोन्याला आपल्याला काय झालंय हे कुणी सांगितलं नव्हतं. बहीण "ताकदीची गोळी" म्हणायची, मीही तेच पुढे चालवलं. केंद्रातल्या ताई पहिल्या भेटीपासून सांगत होत्या की दहा-बारा वर्षांपर्यंत मुलाला नाव घेऊन सांगायला हवं, त्याआधी हळूहळू तयारी करायची. मी दर वेळी पुढच्या वेळी म्हणायची. आधी आईचं दुःख ताजं आहे म्हणून, मग परीक्षा आहे म्हणून, मग लॉकडाऊन. तो तेरा वर्षांचा झाला.

२०२० ची भाऊबीज झाली आणि २४ नोव्हेंबरच्या तारखेला ताईंनी मला विचारलंच नाही. सोन्यापुढे कागद ठेवला आणि शरीरातल्या सैनिकांचं चित्र काढलं. हे सैनिक, हा बाहेरून आलेला विषाणू, ही गोळी त्याला झोपवून ठेवते. मग म्हणाल्या, "या विषाणूचं नाव तुला माहितीये का?"

"एचआयव्ही," सोन्या म्हणाला. बाहेरच्या भिंतीवरच्या पोस्टरकडे त्याने नुसती मान वळवली. "मी दुसऱ्या खेपेलाच वाचलं."

म्हणजे दीड वर्ष. ताईंनी शांतपणे विचारलं की हा कशाने होतो असं तुला वाटतं. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "उष्ट्याने. मी आईच्या ग्लासातलं पाणी प्यायचो." आणि माझ्याकडे न बघता, "म्हणून मी माझा ग्लास वेगळा ठेवतो. चिमीने घेऊ नये म्हणून."

चिमी म्हणजे माझी मुलगी. सासूबाईंनी तो ग्लास मांडणीत परत लावला होता, पण तो रोज रात्री सगळे झोपल्यावर आपला ग्लास घासून खिडकीत, पडद्यामागे उभा करून ठेवत होता. तळाला कंपासच्या टोकाने बारीक फुली कोरली होती. घरी आल्यावर मी बघितली. मी रोज त्या खिडकीचा पडदा सरकवायची आणि मला ग्लास दिसायचा, पण पोराने पाणी पिऊन ठेवला असेल यापलीकडे डोक्यात काही आलं नव्हतं.

त्या दिवशी खोलीत त्याने अजून दोन प्रश्न विचारले. "आईला माहीत होतं का?" आणि "आईने मुद्दाम दिलं का?" दुसऱ्याला ताईंनी उत्तर दिलं: गरोदरपणात तिची तपासणीच झाली नव्हती, तिला तुझ्यानंतर कळलं, आणि कळल्यापासून तिने तुझी एकही गोळी चुकवली नाही. त्यांनी त्याची जुनी डायरी उघडून त्याला तारखा दाखवल्या. त्याने एकेका तारखेवर बोट ठेवत तीन पानं वाचली. ज्यांच्या घरी असं मूल आहे त्यांना माझी हात जोडून विनंती आहे, माझ्यासारखी वाट बघू नका. गप्प बसलेलं मूल आतल्या आत काहीतरी उत्तर तयार करतच असतं.

ऑगस्ट २०२१ मध्ये वजन तीस किलोच्या वर गेलं आणि डॉक्टरांनी डोल्युटेग्रॅव्हिर असलेली नवी एकत्रित गोळी सुरू केली, दिवसातून एकच. भूक वाढली, दोन वर्षांत शर्टाचे तीन माप बदलले. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या तिच्याबरोबर देऊ नका, मधे काही तासांचं अंतर ठेवायचं असतं. शाळेत वाटलेल्या लोहाच्या गोळीमुळे आम्हाला हे कळलं. तेव्हापासून तीन-तीन महिन्यांच्या गोळ्या मिळू लागल्या आणि माझ्या रजा वाचल्या.

मग ऑगस्ट २०२३. दहावी पास होऊन तो अकरावीत गेला होता, मित्र वाढले होते. वर्षाची व्हायरल लोड (रक्तातला विषाणू मोजायची) तपासणी आली ६४०० वर. हजाराच्या वर म्हणजे गोळ्या चुकतायत किंवा लागू पडत नाहीयेत. मी केंद्राच्या आवारातच त्याच्यावर ओरडले, ते करायला नको होतं. ताईंनी मला बाहेर बसवलं. कारण निघालं ते असं: रात्री नऊची वेळ होती आणि नऊला सगळी मुलं कट्ट्यावर असायची. डबी खिशात ठेवली की तीस गोळ्या खुळखुळ वाजतात. एकाने विचारलं, "कसल्या रे गोळ्या?" तेव्हापासून तो डबी घरी ठेवायचा आणि घरी परतायला अकरा वाजायचे, मग झोप.

उपाय साधा निघाला. वेळ सकाळी सातची केली, दात घासल्यावर. बाहेरगावी जाताना चार-पाच गोळ्या कापूस घातलेल्या छोट्या डबीत. दर महिन्याला समुपदेशन, असं तीन महिने. शिवाय ताईंनी त्याला पॉझिटिव्ह लोकांच्या संघटनेने भरवलेल्या मुलांच्या बैठकीला पाठवलं. तिथे सव्वीस वर्षांचा एक दादा भेटला, जन्मापासून एचआयव्ही असलेला, लग्न झालेला, बाळाला लागण नसलेला. एक सोळा वर्षांची मुलगी धाकट्या भावाला घेऊन आली होती. बारा ते अठरा वयाच्या जाणत्या भावंडाला धाकट्याच्या शाळाप्रवेशासाठी, उपचारासाठी पालक म्हणून उभं राहता येतं अशी २०१७ च्या कायद्यातच तरतूद आहे. त्या दिवशी घरी आल्यावर सोन्या जेवताना अखंड बोलत होता. डिसेंबरात पुन्हा रक्त घेतलं, जानेवारीत रिपोर्ट आला: विषाणू आढळला नाही.

त्यानंतर डॉक्टरांनी त्याच्याशी एकट्याशी बोलायला सुरुवात केली. विषाणू असा दबलेला राहिला तर जोडीदारालाही लागण होत नाही, हे त्याला डॉक्टरांकडून कळलं, मावशीसमोर नाही. मोठ्या होणाऱ्या मुलाबरोबर गेलात तर दहा मिनिटं उठून बाहेर जा.

२०२४ मध्ये अनाथ प्रमाणपत्राचा अर्ज केला. नातेवाइकांकडे वाढलेल्या मुलांनाही ते मिळतं, शिक्षण आणि नोकरीत एक टक्का आरक्षण आहे, पण अठरा पूर्ण व्हायच्या आत हालचाल केलेली बरी. भाऊजींचा तो दाखला इथेही लागला.

जुलै २०२५ मध्ये तो अठरा वर्षांचा झाला. बालसंगोपनाचं अनुदान थांबलं. पुण्यात आयटीआयला इलेक्ट्रिशियनला प्रवेश मिळाला आणि आम्ही पुन्हा एकदा 'ट्रान्सफर आउट'चा कागद घ्यायला गेलो. या वेळी सही त्याची होती. समुपदेशक ताईंनी त्याला एक महिन्याच्या गोळ्या जास्तीच्या दिल्या आणि विचारलं, "जेवलास का?"

बॅग भरताना त्याने खिडकीतला नाही, मांडणीतला ग्लास मागितला. कुठला, विचारलं तर म्हणाला कुठलाही दे. चिमीने तिचा दिला.

परवा सकाळी पुण्याच्या केंद्रातून त्याचा फोन आला. मंगळवार निवडला होता, सोमवार नाही. "एकेचाळीस नंबर आलाय मावशी, बाराच्या आत होईल. मग दुपारचं प्रॅक्टिकल गाठतो."

"खाल्लंस का?"

"पोहे."